प्रतिकारशक्ती दबलेल्यांसाठी विषाणूविरोधी औषधे : पार्श्वभूमी

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण १९६०च्या दशकात आवाक्यात आले, त्यात ॲझाथायोप्रिनचा वाटा मोठा होता. परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून हे औषध प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. पण मग विषाणूंनाही रान मोकळे मिळते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो. ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणूही तसाच राहतो. केमोथेरपीनंतर किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर हेच जुने पाहुणे उठतात. कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा उठून होणारी नागीण एरवी एका पट्ट्यात राहते, पण अशा रुग्णात ती अंगभर पसरू शकते, फुप्फुसांपर्यंतही जाते.

सुरुवातीची औषधे तोकडी होती. आयडॉक्सयुरिडीन डोळ्यात घालण्यापुरतेच चालले. व्हिडाराबीन शिरेतून देता येई, पण ते पाण्यात इतके कमी विरघळे की प्रत्येक डोसबरोबर भरपूर सलाईन चढवावे लागे.

खरी कलाटणी ॲसायक्लोव्हिरने दिली. हे औषध कामाला लागते ते विषाणूच्याच एका विकराने (एन्झाइमने) त्याला फॉस्फेट जोडल्यावर. त्यामुळे निरोगी पेशींना फारशी झळ बसत नाही. आधीच खचलेल्या रुग्णासाठी याहून मोठा दिलासा कोणता? प्रत्यारोपणानंतर हर्पीस उठण्याआधीच ते देण्याचा उपयोग १९८१ मध्ये दिसून आला. हे औषध पुढे आणणाऱ्या चमूच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन याच ॲझाथायोप्रिनच्याही एक जनक होत्या. १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, आणि तो अगदी रास्त होता.

हर्पीसच्याच कुळातला सायटोमेगॅलोव्हायरस मात्र ॲसायक्लोव्हिरला फारशी दाद देईना. एड्सच्या साथीत याच विषाणूने अनेकांची दृष्टी नेली. त्यावर १९८९ मध्ये गॅन्सायक्लोव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते पांढऱ्या पेशी घटवते, आणि नव्या अस्थिमज्जेला नेमक्या त्याच पेशी घडवायच्या असतात. पर्यायी फॉस्कारनेट मूत्रपिंडांना जड जाते. ही कोंडी सुटायला २०१७ उजाडावे लागले. त्या वर्षी आलेले लेटर्मोव्हिर विषाणूचा डीएनए कापून कवचात भरणारी यंत्रणाच बंद पाडते. मानवी पेशींत ती नसते, म्हणून अस्थिमज्जेला धक्का लागत नाही.

तरीही यातले कोणतेच औषध दडलेला विषाणू काढून टाकत नाही, फक्त त्याची वाढ थोपवते. उरलेले काम प्रतिकारशक्तीचे. ती परतेपर्यंत कधीकधी महिनोनमहिने औषध चालू ठेवावे लागते, आणि एवढ्या काळात दाद न देणारे विषाणू निपजण्याची भीती याच रुग्णांत सर्वाधिक असते. औषधांना दाद न देणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरससाठी २०२१ मध्ये मॅरिबाव्हिर आले.