घरात शिरणारे उंदीर : ओळख व बंदोबस्त

घरात आढळणारा लहान उंदीर बहुधा घरउंदीर (मस मस्क्युलस) असतो. मात्र थंडीत किंवा अन्नाच्या टंचाईत शेतातले व रानातले उंदीरही आत आसरा घेतात. घरउंदराचे वजन साधारण १२ ते ३० ग्रॅम भरते, रंग वरून करडा-तपकिरी असतो आणि शेपूट जवळजवळ केसरहित व सर्वत्र एकाच रंगाची असते. पांढरे पोट, टपोरे डोळे आणि वर गडद, खाली फिकट अशी दुरंगी शेपूट दिसली, तर तो रानातला असण्याचा संभव अधिक. लांब टोकदार मुस्कट असलेली, उग्र वासाची चिचुंद्री मुळात उंदीर नव्हे. ती मुख्यतः किडे खाते, आणि तिला उंदीर समजून मारणे अनाठायी आहे.

उंदीर क्वचितच नजरेस पडतो, म्हणून ओळख खुणांवरून करावी लागते. त्याच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांब व निमुळत्या टोकांच्या असतात, तर घुशीच्या त्याहून बऱ्याच मोठ्या. ताजी लेंडी काळसर व मऊ असते, जुनी दाबताच भुगा होते; वावर अजून चालू आहे की थांबला, हे त्यावरून कळते.

बंदोबस्तात सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत दुर्लक्षित, काम म्हणजे वाटा बुजवणे. सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही उंदीर आत येऊ शकतो. त्यामुळे नळांभोवतीची भोके, दारांखालच्या फटी आणि वायरींचे मार्ग तपासून त्यांत पोलादी तारेचा काथ्या घट्ट कोंबावा व वरून सिमेंट लिंपावे, कारण नुसता फोम तो सहज कुरतडतो. मादी १९ ते २१ दिवसांत विते आणि पिले साधारण सहा आठवड्यांत प्रजननक्षम होतात, म्हणून वाटा उघड्या ठेवून केवळ उंदीर पकडत राहिल्यास संख्या पुन्हा वाढते.

उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. चापाचा सापळा त्यामुळे भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून मांडावा. उंदीर एका जागी थोडेथोडेच खात असल्याने एकाऐवजी अनेक सापळे जवळजवळ लावणे फलदायी ठरते. चिकट फळ्यांवर उंदीर तासन्‌तास तडफडतो, त्यामुळे त्या टाळाव्यात. रक्त गोठू न देणाऱ्या विषांनी मृत्यू काही दिवसांनी येतो, प्रेत भिंतीत सडते, आणि विषारी उंदीर खाणारी घुबडे व मांजरेही दगावू शकतात. शिवाय काही ठिकाणच्या उंदरांत या विषांना प्रतिकार निर्माण झाला आहे.

लेंड्या कोरड्या झाडूने कधीही झाडू नयेत. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १९९३ मध्ये आढळलेला हंटा विषाणूचा जीवघेणा फुप्फुसविकार तिथल्या रानउंदरांपासून, मुख्यतः लेंड्या व मूत्राच्या हवेत उडालेल्या कणांतून पसरतो. म्हणून खोली आधी हवेशीर करावी, हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांचे द्रावण शिंपडून किमान पाच मिनिटे भिजू द्यावे आणि मगच कागदाने पुसून घ्यावे.