हरवलेल्या मेंढराचा पाय मेंढपाळाने मोडलाच नव्हता
भटक्या मेंढराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो आणि तो जुळेपर्यंत त्याला खांद्यावर वाहतो, ही गोष्ट प्रवचनांत बायबलमधली म्हणून सांगितली जाते. हरवलेल्या मेंढराची गोष्ट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात आहे, पण तिथे असे काहीही नाही. जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीला येशू बसतो अशी कुरकूर झाली, तेव्हा त्याने सांगितलेल्या त्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, मेंढपाळ ९९ मेंढरे रानात सोडून एकाला ते सापडेपर्यंत शोधतो, आनंदाने खांद्यावर घेतो आणि घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो; शिक्षा सोडाच, साधी दटावणीही नाही. दुखण्याला देवाची शिस्त ठरवणाऱ्यांना ही भर सोयीची वाटते, इतकेच. शिवाय भातकापणीनंतर घाट उतरून कोकणातल्या शेतांत मेंढरे बसवणाऱ्या धनगराला स्वतःच लंगडे केलेले जनावर मुक्कामोमुक्कामी वाहणे परवडणार नाही.