खोक्यावरचा डीपीआय आणि कृष्णधवल प्रिंट

एप्सनच्या एल805 आणि एससी-पी900 या दोन्ही प्रिंटरांची कमाल क्षमता 5760×1440 डीपीआय. सर्वांत लहान थेंबही दोन्हींत 1.5 पिकोलिटरचाच. तरी तोच कृष्णधवल फोटो दोन्हींवर काढला, की आकाशाच्या फिक्या भागात एल805ची प्रिंट मार खाते.

डीपीआय म्हणजे एका इंचात थेंब टाकता येईल अशा जागा किती, एवढंच. 2880 डीपीआयला दोन जागांतलं अंतर जेमतेम 9 मायक्रॉन; 1.5 पिकोलिटरचा थेंब उडतानाच 14 मायक्रॉनचा असतो आणि कागदावर आणखी पसरतो. शेजारचे ठिपके एकमेकांवर चढणारच. तपशील मोजायचा तर पीपीआय, म्हणजे एका इंचात फाइलचे पिक्सेल किती, ते बघावं. एप्सनचे फोटो प्रिंटर फाइल 360 पीपीआयला घेतात, ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘फायनेस्ट डिटेल’ चालू केल्यास 720 ला. कॅननचे आकडे 300 आणि 600. हातात धरलेल्या प्रिंटमध्ये, 25 सेंमीवरून, चांगली नजर 0.07 मिमीपर्यंत पोचते आणि 360 पीपीआयचा पिक्सेल साधारण तेवढाच असतो.

खरी गोम छटांत आहे. 2880×1440 ला 360 पीपीआयच्या एका पिक्सेलात 8×4, म्हणजे 32 जागा. शाई एकच काळी असेल आणि ठिपका एकाच आकाराचा, तर छटा 33. 720 पीपीआयला जागा 8, छटा 9! तपशील वाढवावा तर छटा घटतात. ठिपक्यांचे आकार बदलून ड्रायव्हर थोडी सारवासारव करतो, पण 10 टक्के करड्या भागात 32 पैकी तीनच जागी काळं आणि बाकी कोरा कागद, हे डोळ्याला रवाळ दिसतंच. पी900मध्ये काळ्याच्या जोडीला करडी आणि फिकी करडी शाई असते, त्यामुळे तोच भाग फिक्या ठिपक्यांनी दाट भरतो. एल805मध्ये करडी शाई नाही. रंगीत शाया मिसळून करडा केला तर रवाळपणा कमी होतो, पण उजेड बदलला की कधी हिरवट, कधी गुलाबी झाक येते.

स्वतः पडताळायचं असेल तर 720 पीपीआयची ग्रेस्केल फाइल करा: एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या आणि आडव्या रेघा, शेजारी रवाळपणा बघायला 10 टक्के करडा चौकोन. ड्रायव्हरमध्ये स्केल 100 टक्के, ‘फायनेस्ट डिटेल’ चालू, ‘हाय स्पीड’ बंद. वाळल्यावर 10 पट भिंगातून बघा. रेघांवर लाटांसारखी नक्षी आली तर सॉफ्टवेअरने फाइलचा आकार बदललाय. आधी ते निस्तरा. फक्त उभ्या रेघा फाटल्या तर हेड अलाइनमेंट (शाई सोडणाऱ्या हेडची जुळणी) करून घ्या. आडव्यांत पट्टे पडले तर संशय कागद सरकण्यावर. उभ्या-आडव्या दोन्ही रेघांमधल्या पांढऱ्या फटी बुजल्या तर शाई कागदात पसरतेय; बहुतेकदा मीडिया टाइप (ड्रायव्हरमध्ये निवडलेला कागदाचा प्रकार) चुकलेला असतो. तो बरोबर असूनही कॉटन मॅट कागदावर फटी बुजत असतील तर 720 चा नाद सोडा, 360 वरच छापा.