जे-३५: इंजिनाच्या मापाने बेतलेले विमान

२२ सप्टेंबर २०२५ रोजी चीनने ‘फुजियान’ या विमानवाहू नौकेवरची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. जे-१५टी लढाऊ विमान, केजे-६०० हे टेहळणी विमान आणि जे-३५ ही विमाने विद्युतचुंबकीय कॅटापल्टवरून, म्हणजे विमानाला डेकवरून वेगाने भिरकावणाऱ्या यंत्रावरून, झेपावताना तिच्यात दिसतात. गाजले अर्थातच जे-३५, कारण तोवर विमानवाहू नौकेवरचे स्टेल्थ, म्हणजे रडारला चकवणारे, लढाऊ विमान म्हटले की अमेरिकेचे एफ-३५ एवढेच नाव होते. समोरून पाहिले तर दोन्ही सख्खी भावंडे वाटतात. मागून पाहिले की एफ-३५ला एक इंजिन आणि जे-३५ला दोन. समुद्रावर एक बंद पडले तर दुसरे हाताशी असावे, असे याचे समर्थन केले जाते. ते खोटे नाही, पण खरे कारण असे की एकट्याने हे वजन ओढेल असे इंजिन चीनकडे नव्हते.

गोष्ट सुरू होते ती शेनयांगच्या विमान कारखान्यात. हवाई दलाच्या स्टेल्थ विमानाची स्पर्धा चंगडूच्या कारखान्याने जिंकली आणि त्यांचे जे-२० जानेवारी २०११ मध्ये उडाले. शेनयांगकडे नौदलाचे जे-१५ होते, पण स्टेल्थ विमानाची सरकारी मागणी नव्हती. तरी त्यांनी स्वतःच्या खर्चाने एफसी-३१, म्हणजे जे-३५चा पूर्वज, तयार केले आणि ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी उडवले. पुढच्याच महिन्यात जे-१५ ‘लिआओनिंग’ या विमानवाहू नौकेच्या डेकवर पहिल्यांदा उतरले. त्या चाचण्या आटोपून दालियनला परतलेले कारखान्याचे प्रमुख लुओ यांग त्याच दिवशी, २५ नोव्हेंबरला, हृदयविकाराने गेले. वय ५१. दोन विमाने एकदम अंगावर घेतलेल्या त्या कारखान्यातला ताण केवढा असेल, याचा यावरून अंदाज यावा.

एफसी-३१ला बसवली होती रशियाची आरडी-९३ इंजिने, म्हणजे मिग-२९च्या आरडी-३३चीच आवृत्ती. पाकिस्तानसोबतच्या जेएफ-१७साठी चीन ती आधीपासून घेतच होता, त्यामुळे हाताशी होती. एकेकाचा जोर आठ टनांच्या आसपास. एफ-३५चे एकटे इंजिन आफ्टरबर्नरसह (मागच्या झोतात जादा इंधन जाळून) साडेएकोणीस टनांच्या घरात जाते, म्हणजे दोन मिळूनही बरोबरी नाही. २०१४च्या झुहाई विमान प्रदर्शनात तर रडारला चकवणारे हे विमान आकाशात काळ्या धुराच्या रेघा ओढत गेले.

या इंजिन-घराण्याची ओळख आपल्याला गोव्यात आहे. दाबोळीच्या आयएनएस हंसावरच्या मिग-२९केमध्ये याच घराण्यातले आरडी-३३एमके आहे. त्याच्या दोषांवर ‘कॅग’ने २०१६च्या अहवालात कडक ताशेरे ओढले होते: २०१० पासून ४० इंजिने, म्हणजे ६२ टक्के, रचनेतल्या दोषांमुळे बाद करावी लागली होती. रशियन इंजिनावर विसंबून राहावे लागू नये म्हणून चीनमध्ये ग्वेइचौ प्रांतात डब्ल्यूएस-१३ हे इंजिन घडत होते. मात्र आधुनिक टर्बाइनची पाती धातूच्या वितळणबिंदूपेक्षा तापलेल्या वायूत फिरतात. त्यासाठी एकाच स्फटिकातून पाते ओतावे लागते आणि आतून थंड हवेच्या वाटा काढाव्या लागतात. ही विद्या पैसे फेकून मिळत नाही, आपल्या रखडलेल्या कावेरी इंजिनाने ते पुरेपूर दाखवले आहे.

आता पोटातल्या कप्प्याकडे. स्टेल्थ विमानाला क्षेपणास्त्रे पंखांखाली टांगता येत नाहीत, रडारवर ती लगेच दिसतात. अमेरिकी नौदलाला अशा बंद कप्प्याचा जुना अनुभव आहे. १९५८ साली उडालेल्या व्हिजिलंटी या बॉम्बफेकी विमानात दोन इंजिनांच्या मधोमध बोगदा होता, त्यातून बॉम्ब आणि त्याला जोडलेल्या इंधनाच्या टाक्या शेपटीकडून बाहेर ढकलायच्या. कॅटापल्टचा हिसका बसला की कधी कधी त्या टाक्या डेकवरच घसरून पडत. शेवटी ते विमान टेहळणीला लावले.

जे-३५मध्ये दोन्ही इंजिने मागे शेजारीशेजारी आहेत, हवेच्या नळ्या दोन्ही बाजूंनी वळत त्यांच्याकडे जातात आणि कप्पा मधे, इंजिनांच्या पुढे, पोटाखाली येतो. एफ-३५मध्ये उलट: इंजिन मधे, कप्पे दोन बाजूंना. तिथे उभ्या उतरणीच्या आवृत्तीसाठी पंख्याला जागा ठेवावी लागल्याने तिन्ही आवृत्त्यांचे पोट जाड झाले. शेनयांगपुढे ती अट नव्हती, म्हणून जे-३५ सडपातळ आहे. याची किंमत म्हणजे कप्पा उथळ. एफ-३५सी दोन हजार पौंडी बॉम्ब आत घेऊन जाते, जे-३५ मला मुख्यतः हवेत लढणारे विमान वाटते. एफसी-३१ची जाहिरातही चार मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची होती.

कप्प्याचे दार उघडले की आत वारा घुमतो, सगळा सांगाडा थरथरतो आणि तेवढे क्षण विमान रडारवर उठून दिसते. म्हणून क्षेपणास्त्र नुसते सोडत नाहीत, जोराने खाली ढकलतात. जागा वाचवायला अमेरिकेने एफ-२२ विमानासाठी अ‍ॅम्राम क्षेपणास्त्राचे पंखच छाटले.

डिसेंबर २०१६ मध्ये एफसी-३१चा सुधारित, मोठा नमुना उडाला. जून २०२१ मध्ये वुहानच्या काँक्रीटच्या ‘विमानवाहू नौके’वर जे-३५ची प्रतिकृती दिसली आणि ऑक्टोबरात नौदलाची आवृत्ती हवेत गेली. झुहाईत २०२४ साली आले ते हवाई दलाचे जे-३५ए. ओळखायची सोपी खूण म्हणजे पुढचे चाक: हवाई दलाच्या विमानाला एक, नौदलाच्या विमानाला दोन आणि सोबत कॅटापल्टला अडकवायचा दांडा.

‘फुजियान’ ५ नोव्हेंबर २०२५ रोजी सान्यात नौदलात दाखल झाली. सध्याची इंजिने डब्ल्यूएस-१३च्याच कुळातली मानली जातात, आणि नवे डब्ल्यूएस-१९ इंजिन आले की वजनाची ओढाताण बरीच कमी व्हावी. कप्प्याचे माप मात्र सांगाड्याबरोबरच ठरून गेले आहे, त्यामुळे चीनच्या पुढच्या क्षेपणास्त्रांना आत बसायचे तर याच लांबी-खोलीत बसावे लागेल.