पिकअपचे पुढचे शॉकअप बदलणे

मालवाहू पिकअपच्या पुढच्या चाकांजवळ बसवलेले झिजलेले आघातशोषक, म्हणजे गॅरेजच्या बोलीतले शॉकअप, काढून त्या जागी नवी जोडी बसवण्याचे काम. जालना-अंबडची मोसंबी, कन्नड-फुलंब्रीचे आले, लातूरच्या बाजाराकडे निघालेले सोयाबीन, दुधाचे कॅन, आठवडी बाजाराची जनावरे असा मराठवाड्यातला कितीतरी माल पिकअपवरच हलतो. त्यामुळे इथल्या गॅरेजांत हे काम रोजचे आहे. तरीही ते फार उशिरा केले जाते, कारण शॉकअप मेला तरी गाडी चालायची थांबत नाही.

शॉकअपचे काम नेमके कोणते, याबद्दल मोठा गैरसमज आहे. गाडीचा आणि मालाचा भार शॉकअप पेलत नाही. तो भार पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पेलतात. काही गाड्यांत पुढच्या बाजूला पाट्यांऐवजी गुंडाळीची स्प्रिंग किंवा पीळ घेणारा दांडा, म्हणजे टॉर्शन बार असतो. २००५ साली आलेल्या टाटा एसमध्ये, म्हणजे सर्वांच्या ‘छोटा हत्ती’मध्ये, पुढेही पाटेच आहेत. चाक खड्ड्यात आपटले की पाटा दबतो, लगेच उसळून वर येतो आणि मोकळा सोडला तर कितीतरी वेळ हेलकावत राहतो. हा हेलकावा मोडणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा. दट्ट्याचा दांडा आत-बाहेर होताना तेल त्या अरुंद वाटांतून रेटले जाते आणि उसळीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचे चांगले शॉकअप म्हणूनच गरम लागतात. एक गरम आणि दुसरा जवळजवळ गार असेल, तर गार असलेला शॉकअप काम करत नाही असे समजावे. हात मात्र जपून लावावा.

मराठवाड्यात सर्रास चालणारा एक उपाय इथे स्पष्टपणे चुकीचा म्हटला पाहिजे. गाडी उसळते, पुढून आपटते अशी तक्रार आली की पाट्यात आणखी एक पट्टी घालून पाटा वाढवला जातो. पाटा वाढवला की स्प्रिंग कडक होते, आणि कडक स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकअप आणखी दमदार लागतो. आधीच मेलेल्या शॉकअपवर जास्तीचा पाटा चढवणे म्हणजे चाक रस्त्यावरून उचलले जाण्याची सोय करणे आहे. पुढच्या चाकांवर स्टिअरिंग असते, ब्रेक दाबल्यावर वजनही पुढेच येते. कन्नडचा औट्रम घाट उतरताना मालाने भरलेल्या गाडीची पुढची चाके क्षणभर जरी टेकायची राहिली, तरी तेवढा क्षण ब्रेक आणि वळण दोन्ही हातचे जातात. माल मागच्या आसाच्याही मागे रचला असेल तर पुढचा भाग आणखी हलका होतो. शॉकअप बसणाऱ्याच्या सुखासाठी असतो हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे.

झिजण्याची कारणे

बरेच उत्पादक सुमारे ८०,००० किमीला शॉकअप तपासायला सांगतात. ग्रामीण रस्त्यांवर एवढी वाट पाहू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून अखंड दिसला तरी लाटांसारखा उंच-सखल होतो. गाळप हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याच रस्त्यांवरून जातात. अशा रस्त्यावर शॉकअपला क्षणाची विश्रांती नसते. तापलेले तेल पातळ होते, त्याला फेस येतो आणि पकड सुटते. गाडी थांबून थंड झाली की काही अंशी ती परत येते, पण दर वेळी थोडी झीज मागे राहते.

शेतरस्त्यावरचा चिखल हा दुसरा शत्रू. तो दांड्यावर बसतो, वाळून कडक होतो आणि पुढच्या खड्ड्यात सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर, घासला जातो. चकचकीत दांड्यावर नखाला लागेल एवढा ओरखडा पडला की तेल झिरपायला वाट मिळाली. दांड्यावरचे धूळरोधक रबर फाटले असेल तर ते आधी बदलावे. त्याची किंमत शॉकअपच्या मानाने अगदी किरकोळ असते.

खराबी ओळखणे

नळीवर तेलाचा हलका ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ ही खराबी नव्हे. तेल ओघळून खालच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे बोल्ट बसतो त्या टोकाच्या कडीपर्यंत, आले असेल, तर मात्र तो शॉकअप संपला. बोनेट दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचे, ही चाचणी मोटारीला ठीक आहे. कडक पाट्यांची रिकामी पिकअप हाताने पुरेशी दबतच नाही. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवावा. कडेने थोड्या थोड्या अंतरावर खोलगट खड्डे लागत असतील, तर चाक रस्त्यावर थडथडत चालले आहे. ब्रेक दाबताच नाक खाली जाणे, वळणावर गाडी कलंडल्यासारखी होणे, गतिरोधकानंतर दोन-तीन हेलकावे येणे ही चालवताना दिसणारी लक्षणे. खडखड आवाज आला तर आधी डोळ्यातले रबर बुश, म्हणजे बोल्टभोवतीची रबरी नळी, पाहावे. पुष्कळदा शॉकअप ठणठणीत असतो आणि बुश गेलेले असते.

बदलण्याची पद्धत

काम फरशीवर किंवा सिमेंटवर करावे. मोकळ्या काळ्या जमिनीवर जॅक रुततो. तिथे नाइलाज असेल तर खाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा हवाच. हातब्रेक मागच्या चाकांवर असतो, तरी मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावावेत. चाकाचे नट चाक टेकलेले असतानाच सैल करावेत. गाडी उचलल्यावर चॅसीखाली घोड्या, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये; नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करणे हा जिवाशी खेळ आहे.

दुसरा जॅक आसाला किंवा चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला हलका टेकवावा. काही रचनांत चाक खाली किती लोंबेल याला शॉकअपच मर्यादा घालतो. बोल्ट निघताच तो भाग धाडकन खाली येऊन ब्रेकचा पाइप ताणला जाऊ शकतो. शॉकअप आणि गुंडाळीची स्प्रिंग एकत्र असतील, तर स्प्रिंग आवळण्याच्या खास साधनाशिवाय वरचा मधला नट उघडू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस दगावू शकतो.

गंजलेले बोल्ट तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारे तेल टाकून आदल्या संध्याकाळी भिजवले तर सकाळी बरेचसे सुटतात. वर दांड्यालाच नट असेल तर नटासोबत दांडाही फिरतो. तो दांड्याच्या चपट्या टोकाला छोट्या पान्याने धरावा. नव्या शॉकअपचा चकचकीत भाग पकडीने कधीही धरू नये.

नवा शॉकअप बहुधा आडवा पडून आलेला असतो आणि त्यातली हवा दट्ट्याच्या भागात शिरलेली असते. तो उभा धरून पूर्ण ओढावा, पूर्ण दाबावा, असे चार-पाच वेळा करावे. ओढताना मधेच लागणारी पोकळ जागा नाहीशी झाली की तो बसवण्याजोगा झाला. ओढायला जोर जास्त आणि दाबायला कमी लागतो, हा दोष नाही. बहुतेक शॉकअप तसेच घडवतात. गॅसचा शॉकअप त्याला दाबून बांधलेली पट्टी कापताच आपोआप लांबतो, म्हणून आपले तोंड बाजूला ठेवावे.

शेवटची आवळणी चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर करावी. लोंबत्या अवस्थेत डोळ्याचे बोल्ट आवळले तर रबर बुश कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. घाईच्या गॅरेजात नेमकी हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरून तो पाळावा.

शॉकअप जोडीनेच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर ब्रेक दाबताना गाडी सरळ राहत नाही. जुना कापून, तेल भरून, पुन्हा वेल्ड केलेला शॉकअप स्वस्त पडतो, पण त्याच्या आतल्या झडपा जुन्याच असतात. पुढच्या चाकांना तो लावू नये.

काम झाल्यावर रिकामी गाडी सावकाश फिरवून ब्रेक पाहावा आणि काही दिवसांनी सगळे नट पुन्हा तपासावेत. पुढचे इतर सांधे उघडले असतील तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घ्यावी. खड्डे पडलेले जुने टायर नव्या शॉकअपनंतरही घरघर करत राहतात. तो आवाज टायरचा असतो. त्यासाठी शॉकअप पुन्हा उघडण्यात अर्थ नाही, टायर बदलावे लागतात.