बंडीचं चाक आणि साथीचं गणित

सुताराच्या दारात टेकवलेलं बंडीचं चाक पाहा. एका आऱ्याच्या जागी शेजारचा आरा येईल एवढंच फिरवलं, तर ते होतं तसंच दिसतं. थोडं कमी-जास्त झालं की लगेच कळतं. बाहेरची लोखंडी धाव मात्र केसभर फिरवा नाहीतर हातभर, फरक दिसतच नाही. बदल करूनही वस्तू तशीच राहणं म्हणजे सममिती, आणि या दोन्ही सममितीच. नॉर्वेचे गणिती सोफस ली (१८४२–१८९९) यांनी धावेसारख्या सममितीतून अवकल समीकरणं, म्हणजे बदलाचा वेग सांगणारी समीकरणं, सोडवण्याची वाट दाखवली.

आता गावात डोळ्यांची साथ आली आहे असं समजा. १९२७ साली करमॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी मांडलेल्या गणितात माणसांचे तीन गट असतात: अजून लागण न झालेले, आजारी आणि बरे झालेले. प्रत्येक गट किती वेगाने बदलतो, ते एकेक अवकल समीकरण सांगतं. एकदा डोळे येऊन गेले की या साथीत पुन्हा येत नाहीत, असं धरू. (मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे त्यांनी याच गणिताशी ताडून पाहिले होते.)

साथ पोळ्याला आली काय, दिवाळीनंतर आली काय, पसरण्याचा नियम तोच. काळ पुढे-मागे कितीही सरकवा, समीकरणं तशीच राहतात. ही झाली धावेची सममिती, आणि तिच्यामुळे काळ हिशेबातून सरळ वगळता येतो. कितव्या दिवशी किती आजारी, हे विचारायचं नाही. लागण न झालेले इतके उरले तेव्हा आजारी किती, एवढंच विचारायचं. एका समीकरणाला दुसऱ्याने भागलं की काळ उडतो आणि उरलेलं समीकरण कागदावर सुटतं.

हजार वस्तीच्या गावात सुरुवातीला एक रोगी दोघांना लागण देत असेल, तर उत्तर असं येतं: लागण न झालेले ५०० उरतात तेव्हा साथ शिगेला असते आणि त्या वेळी सुमारे १५३ जण आजारी असतात. शेवटी साधारण २०० जणांना रोग शिवतच नाही. साथ संपते ती सगळ्यांना लागण झाली म्हणून नव्हे, नवं माणूस सापडणं अवघड झालं म्हणून. मला या गणितातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरियाचा हिशेब मांडताना मात्र ही युक्ती अडते. पावसाने डबकी भरतात, डास वाढतात, उन्हाळ्यात ओसरतात. लागणीचा वेगच ऋतूबरोबर बदलतो. तिथे काळ बरोबर बारा महिने सरकवला तरच नियम जुळतो: धाव गेली, आरे उरले. तेवढ्याने काळ वगळता येत नाही; संगणकावर एकेक दिवस पुढे जात उत्तर काढावं लागतं.