न्यायालयीन मालिकांतील संवाद

दूरचित्रवाणीवरील न्यायालयीन मालिकांत वकील, न्यायाधीश व साक्षीदार यांच्या तोंडी वारंवार येणारी आणि मालिकेचे नाव न सांगताही प्रेक्षकाला ओळखू येणारी वाक्ये. त्यांतील बरीच वाक्ये पटकथालेखकाने नव्याने रचलेली नसतात. शपथ, हरकत, उलटतपासणीतील (विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला विचारलेले) प्रश्न आणि निकालाची घोषणा या न्यायालयाच्या ठरीव भाषेतून ती उचललेली असतात. त्यामुळे नुसत्या शब्दांवरून मालिका नेहमीच ओळखता येत नाही. वाक्य कोण म्हणतो, कोणाला उद्देशून म्हणतो आणि खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर म्हणतो, हे पाहावे लागते.

पहिली खूण संबोधनाची. अमेरिकन न्यायाधीशाला ‘युवर ऑनर’ म्हणतात, तर लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात ‘माय लॉर्ड’. खटला चालवणारा पक्ष न्यूयॉर्कमध्ये ‘द पीपल’ (जनता), इंग्लंडमध्ये ‘द क्राउन’ (राजसत्ता) आणि भारतात राज्य असतो. एनबीसी वाहिनीवर १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’चे स्टीव्हन झर्नकिल्टन यांच्या आवाजातील प्रारंभीच्या निवेदनात पहिल्याच वाक्यात हे ‘पीपल’ येतात, म्हणून पहिल्या काही शब्दांतच ते ओळखता येते. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरीला (निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला) स्थान ठेवले नाही. तेव्हा ज्यूरीपुढे केलेले समारोपाचे भाषण आजच्या काळात घडणाऱ्या भारतीय कथेत बसत नाही.

या प्रकारातील सर्वांत ठसठशीत उदाहरण ‘पेरी मेसन’ (सीबीएस, १९५७–६६) या मालिकेचे आहे. अर्ल स्टॅनली गार्डनर या वकिली केलेल्या कादंबरीकाराच्या कथांवर ती आधारलेली होती आणि तिचे २७१ भाग झाले. रेमंड बर यांनी साकारलेला बचावाचा वकील मेसन प्रश्न विचारू लागला, की विल्यम टॅलमन यांचा सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर उठून उभा राही आणि प्रश्न ‘इनकॉम्पिटंट, इररेलेव्हंट अँड इम्मटेरियल’ असल्याची हरकत घेई. ही तीन विशेषणे कॅलिफोर्नियातील त्या काळच्या वकिलांच्या नेहमीच्या वापरातली होती. पुरावा ग्राह्य नाही, वादाशी संबंधित नाही आणि निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही, असा तिहेरी आक्षेप त्यांतून घेतला जाई. बर्गरच्या तोंडी ती इतक्या वेळा आली, की पुढे ती त्या पात्राचीच मानली जाऊ लागली. त्यानंतर येणारा कबुलीचा प्रसंग मात्र वास्तवापासून फार दूरचा आहे. उलटतपासणीत कोंडीत सापडलेला साक्षीदार, किंवा कधी न्यायालयात खटला पाहायला बसलेली एखादी व्यक्ती, स्वतःहून गुन्हा कबूल करते. प्रत्यक्ष खटल्यात असे क्वचितच घडते, आणि घडलेच तर वकील त्याला ‘पेरी मेसन मोमेंट’ म्हणतात. सोनिया सोटोमायोर यांनी जुलै २००९ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीच्या सुनावणीत याच मालिकेचा उल्लेख केला, पण त्यांनी आठवणीतून सांगितला तो मेसनचा विजय नव्हे. दोषी माणसाला शिक्षा होते तेव्हा न्याय होतो आणि निर्दोष सुटतो तेव्हाही होतो, अशा आशयाचे सरकारी वकिलाचे उत्तर त्यांच्या मनात राहिले होते. हरणाऱ्या पात्राचे वाक्य इतक्या दूर पोहोचावे, ही या प्रकारातील फार मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

काही संवादांचा उगम थेट निकालपत्रात असतो. बॅरिस्टर जॉन मॉर्टिमर यांनी निर्मिलेला आणि लिओ मॅकर्न यांनी साकारलेला वकील होरेस रम्पोल (थेम्स टेलिव्हिजन, १९७८–९२) ज्या ‘सोनेरी धाग्या’ची आठवण करून देतो, तो हाउस ऑफ लॉर्ड्स या ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या १९३५ मधील वुलमिंग्टन खटल्यातील लॉर्ड सँकी यांच्या निवाड्यातला आहे. आरोपीचा अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षावरच असते, हे तत्त्व त्या शब्दांत मांडलेले आहे.

भारतीय पडद्यावरील न्यायालयीन भाषा मुख्यतः हिंदी चित्रपटांतून घडली आणि ‘अदालत’ (सोनी, २०१० मध्ये सुरू) या मालिकेतील के. डी. पाठकसारखे वकील त्याच वाटेने आले. गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथ हे या भाषेचे ठळक चिन्ह. परंतु १९६९ च्या शपथ अधिनियमातील नमुन्यात कोणत्याही ग्रंथाचा उल्लेख नाही. साक्षीदार ईश्वराच्या नावाने शपथ घेतो किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करतो. मराठी माणसाच्या ओळखीचे ‘देवाशपथ खरे सांगेन, खोटे सांगणार नाही’ हे वाक्य त्या नमुन्याच्या जवळचे आहे. ‘साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घातले जात आहे’ ही पडद्यावरची हरकतही निराधार नाही: १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने सरतपासणीत (वकील आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारतो तेव्हा) विरुद्ध पक्षाची हरकत असल्यास सूचक, म्हणजे हवे ते उत्तर सुचवणाऱ्या, प्रश्नांना न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवली होती आणि उलटतपासणीत ते मोकळे ठेवले होते. मालिकांत मात्र हीच हरकत बहुतेक वेळा उलटतपासणीत, म्हणजे नेमकी नको तिथे, घेतलेली दिसते.

ओळखण्यात सर्वाधिक गफलत चित्रपट आणि मालिका यांच्यात होते. ‘तारीख पे तारीख’ हे दूरचित्रवाणीवर असंख्य वेळा ऐकू आलेले वाक्य १९९३ च्या ‘दामिनी’ या चित्रपटातील सनी देओल यांच्या तोंडचे आहे. तसेच, सत्य पचवण्याची तुझी कुवत नाही, असे साक्षीदाराने वकिलाला सुनावणे हा १९९२ च्या ‘अ फ्यू गुड मेन’ या अमेरिकन चित्रपटातील प्रसंग असून तो एका नाटकावरून घेतला होता.